लिथियम चालू असताना अ‍ॅसिडिटीची गोळी चालते का? आधी स्ट्रिपची मागची बाजू वाचा

तुमचा प्रश्न नीट दोनदा वाचला. भाऊ ३४ वर्षांचा, बायपोलरसाठी चार वर्षं लिथियम एसआर ४०० (हळूहळू विरघळणारी गोळी) सकाळी एक आणि रात्री एक, तब्येत छान सांभाळलेली, नोकरी ऐरोलीला, शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा. दोन महिन्यांपासून छातीत जळजळ आणि आंबट ढेकर, म्हणून घराजवळच्या डॉक्टरांनी रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड एकत्र असलेली कॅप्सूल दिली, वर घरचं रोज रात्री एक पाकीट इनो. आता तीन आठवडे हात थरथरतायत. तुम्ही विचारताय की या दोन गोळ्यांचं एकमेकींशी जमत नाही का, आणि बंद करायची तर कुठली.

सगळ्यात आधी एक सांगते, लिथियम तुम्ही घरच्या घरी बंद करू नका. एकदम बंद केलेल्या लिथियमनंतर आजार उलटण्याचा धोका फार असतो आणि चार वर्षं टिकवलेली घडी दोन आठवड्यांत विस्कटताना मी पाहिलेली आहे. हा थरथर लिथियमच्या विषबाधेचा वाटला तर गोष्ट वेगळी, ते खाली लिहिलंय, तो भाग प्लीज सोडून देऊ नका.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. सोळा वर्षं ठाण्याला नौपाड्यात मेडिकलच्या काउंटरवर आणि आता आठ वर्षं वाशीला हॉस्पिटलच्या फार्मसीत, त्यामुळे मी सांगतेय ते औषधांच्या बाजूने, भावाला तपासून नाही. गोळी बदलायचा निर्णय त्याच्या सायकियाट्रिस्टचाच.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. रॅबेप्राझोल आणि लिथियम यांचं थेट भांडण नाही. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल, सगळ्या 'प्राझोल' मंडळींचं तेच. कारण साधं आहे, प्राझोल लिव्हरमध्ये मोडतं आणि लिथियम लिव्हरकडे फिरकतसुद्धा नाही, ते मोडतच नाही, जसंच्या तसं किडनीतून लघवीवाटे बाहेर जातं. दोघांच्या वाटाच वेगळ्या. पण लिथियमची एक खोड आहे, किडनीला ते मिठासारखंच वाटतं. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवते, मग रक्तातली लेव्हल वाढते. उलट सोडियम जास्त गेलं की लिथियमही बाहेर ढकललं जातं आणि लेव्हल खाली येते. हे एवढं डोक्यात बसलं की लिथियमबरोबर काय चालतं आणि काय नाही यातलं बरंचसं आपोआप कळतं, पाठ करावं लागत नाही.

म्हणजे भावाच्या बाबतीत रॅबेप्राझोल हा आरोपी नाहीच असं मला वाटतं. मला संशय आहे तो बाकीच्या तीन गोष्टींवर.

पहिली, त्या कॅप्सूलमधला दुसरा अर्धा भाग. आपल्याकडे अ‍ॅसिडिटीच्या गोळीच्या नावापुढे एक अक्षर असतं, डी किंवा एल, आणि लोक ते वाचतच नाहीत, 'पॅन द्या' म्हणतात आणि हातात पॅन-डी घेऊन जातात. हे एक अक्षर म्हणजे अख्खं वेगळं औषध आहे. डी म्हणजे डॉमपेरिडोन आणि एल म्हणजे लेव्होसल्पिराइड, बहुतेक ७५ मिलिग्रॅम. लेव्होसल्पिराइड पोट पुढे ढकलायला वापरतात हे खरं, पण त्याचं मूळ घराणं सायकियाट्रीच्या औषधांचंच आहे, ते डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन अडवतं, पोटातलंही आणि मेंदूतलंही. त्यामुळे काही लोकांना त्याने हात थरथरणं, अंग जड होणं, चाल मंदावणं असं पार्किन्सनसारखं चित्र तयार होतं, आणि जो माणूस आधीच लिथियमवर आहे किंवा रिस्पेरिडोन, ओलॅन्झॅपिनसारखं काही घेतोय त्याच्यात ही शक्यता आणखी वाढते. बायकांमध्ये पाळी चुकणं, छातीतून दूध येणं हेही होतं कारण प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन वाढतं, आणि त्या बिचाऱ्या वेगळ्याच तपासण्या करत फिरतात.

नौपाड्यातले एक काका आठवतात, निवृत्त शिक्षक, महिन्याला औषधं न्यायचे आणि उधारीच्या वहीत सही करायचे. तीन महिन्यांच्या तीन सह्या एकाखाली एक होत्या, पहिली पूर्वीसारखी लांबरुंद, दुसरी आखडलेली, तिसरी मुंगीएवढी. हात टेबलावर ठेवला की अंगठा आणि तर्जनी जपमाळ ओढल्यासारखी हलायची. घरचे म्हणत होते वय झालं. त्यांच्या पिशवीत गॅसची 'एल'वाली गोळी होती, सहा महिने चालू, कुणी तरी एकदा दिलेली आणि नंतर चिठ्ठीशिवाय घेत राहिलेली. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, गोळी बदलली, दीड-दोन महिन्यांनी सही परत मोठी झाली. तेव्हापासून लिथियम किंवा मानसिक आजाराचं दुसरं काही औषध चालू असेल तर मी एल असलेली स्ट्रिप डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही.

म्हणून भावाचा थरथर नीट बघा, दोन मिनिटांचं काम आहे. हात पुढे ताणून धरायला सांगा आणि पंजावर एक कोरा कागद ठेवा. लिथियमचा नेहमीचा थरथर बारीक आणि जलद असतो, हात पुढे केला किंवा चहाचा कप उचलला की दिसतो, मांडीवर हात ठेवला की थांबतो. लेव्होसल्पिराइडचा बऱ्याचदा उलटा, हात स्वस्थ असताना जास्त, सोबत चेहरा कोरा, चालताना एक हात कमी हलणं, अक्षर लहान होणं. आणि लिथियम जास्त झालं असेल तर थरथर मोठा होतो, कप सांडतो, शर्टाचं बटण लागत नाही. घरी केलेल्या या तपासणीवरून निदान ठरवायचं नाही, पण मोबाईलवर एक व्हिडिओ काढून ठेवा, सायकियाट्रिस्टला तो दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगेल.

दुसरी गोष्ट, इनो. इनो म्हणजे मुख्यतः खायचा सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे सोडियम. कधीतरी लग्नाच्या जेवणानंतर एक पाकीट घेतलं तर काही बिघडत नाही. पण रोज रात्री, दोन महिने, म्हणजे किडनीला रोज सोडियमचा डोस, आणि सोडा लिथियम बाहेर काढतो. लेव्हल हळूहळू खाली येऊ शकते आणि खाली आलेली लेव्हल म्हणजे आजार परत येण्याचं दार उघडं. बरं, यात आणखी एक गोम आहे. इनो चालू असताना लेव्हल बरोबर आली आणि मग इनो एकदम थांबवलं तर तेच लिथियम आता बाहेर जात नाही आणि लेव्हल वर जाते. म्हणून माझ्या मते आधी आहे त्या स्थितीत टेस्ट करा, मग इनो बंद करा आणि साधारण आठवड्याने परत टेस्ट करा. सायकियाट्रिस्टना इनोचं सांगितलंय का? बहुतेक नाही, कारण इनोला कोणी औषध समजतच नाही.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही पण मला ती सगळ्यात आधी विचारायची आहे. भाऊ दुखण्याची गोळी घेतो का? आठ-नऊ तास खुर्चीवर, कंबर धरली, मान आखडली, मग मेडिकलमधून कॉम्बिफ्लाम किंवा डायक्लोफेनॅक. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन हा सगळा गट लिथियमची लेव्हल वाढवतो, आणि हाच गट पोटाचं अस्तर खरवडून अ‍ॅसिडिटी करतो. बघा म्हणजे कसं जुळतं, एकाच गोळीने जळजळ आणि त्याच गोळीने थरथर, आणि आपण मात्र दोन वेगळ्या गोष्टी समजून जळजळीवर तिसरी गोळी घेत बसतो. असं असेल तर त्या पेनकिलरला थांबवलं की दोन्ही सुटू शकतं. दुखलं तर साधं पॅरासिटामॉल चालतं. तसंच गेल्या काही महिन्यांत ब्लडप्रेशरची गोळी नव्याने सुरू झाली असेल, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा पाणी काढणारी हायड्रोक्लोरोथायझाइड, तर तीही लेव्हल वाढवते.

आणि इथेच मला खरा प्रश्न दिसतो. ही अ‍ॅसिडिटीच आहे ना? लिथियम वाढायला लागलं की सुरुवात पुष्कळदा पोटापासून होते, मळमळ, भूक मरणं, पातळ शौच, आणि आपल्याकडे नाभीपासून गळ्यापर्यंत काहीही झालं की त्याला अ‍ॅसिडिटी म्हणतात. जळजळ आडवं झाल्यावर वाढते, घशाशी आंबट पाणी येतं, तर ते रिफ्लक्सच. पण नुसती मळमळ, सोबत थरथर, तहान आणि झोपाळूपणा असेल तर प्राझोल देऊन आपण धोक्याची घंटाच बंद करतोय. म्हणून पहिलं पाऊल गोळी बदलणं नाही, पहिलं पाऊल रक्त. तुम्ही कळवलेला आठ महिन्यांपूर्वीचा लिथियम लेव्हल ०.७ चा रिपोर्ट आजच्यासाठी उपयोगाचा नाही, सगळं ठीक असतानाही तीन ते सहा महिन्यांनी लेव्हल बघायची असते.

रक्त देताना जी चूक लोक करतात ती भावाच्या शिफ्टमुळे हमखास होणार म्हणून सविस्तर लिहिते. लिथियमची लेव्हल शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी बघतात. सगळे आकडे, म्हणजे नेहमीसाठी ०.६ ते ०.८, कधी डॉक्टर १.० पर्यंत ठेवतात, आणि १.५ च्या वर धोका, हे सगळं १२ तासांच्या हिशोबाने आहे. तुमचा भाऊ रात्रीची गोळी घरी येऊन, जेवून बारा वाजता घेतो असं तुम्ही लिहिलंय. मग सकाळी आठला लॅबमध्ये गेला तर आठच तास झाले, लेव्हल खोटी जास्त दिसणार आणि कुणीतरी घाबरून डोस कमी करणार. त्याने दुपारी बाराला रक्त द्यायचं, तोपर्यंत सकाळची गोळी घ्यायची नाही, रक्त दिल्यावर घ्यायची. उपाशी राहायची गरज नाही, पाणी नेहमीसारखं प्यायचं. सोबत क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम करून घ्या, टीएसएच ही थायरॉइडची तपासणी सहा महिन्यांत झाली नसेल तर तीही.

क्रिएटिनिन आणखी एका कारणासाठी. प्राझोल महिनोन्‌महिने चालू राहिलं तर क्वचित किडनीला सूज येते, मॅग्नेशियमही कमी होऊ शकतं, आणि लिथियम वर्षानुवर्षं घेणाऱ्याची किडनी आपल्याला जपायचीच असते. म्हणजे प्राझोल वाईट नाही, मुदतीत घ्यायचं, साधारण चार ते आठ आठवडे, मग डॉक्टरांनी परत बघायचं. आणि ते नाश्त्याच्या अर्धा तास आधी रिकाम्या पोटी घेतलं तर सगळ्यात चांगलं काम करतं, जेवणानंतर घेतलेल्या बहुतेक प्राझोलचा उपयोग कमी होतो. लिथियम मात्र जेवणानंतर, आणि एसआर गोळी चावायचीही नाही, कुटायचीही नाही.

अ‍ॅसिडिटी म्हटलं की लोक आणखी काय काय करतात आणि ते लिथियमला कसं अडतं तेही सांगून ठेवते. चहा एकदम सोडणं. कॅफिनने लिथियम थोडं जास्त बाहेर पडतं, दिवसाला सहा-सात कप चहा-कॉफी पिणारा माणूस एका दिवसात शून्यावर आला तर लेव्हल वाढू शकते, थरथरही वाढतो. कमी करायचाच आहे तर दर चार-पाच दिवसांनी एक कप असा उतरवा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. दुसरं, अळणी खाणं किंवा नुसत्या ताक-पेजेवर राहणं, मीठ एकदम तोडलं की लिथियम चढतं. एकादशीचा निर्जळी उपास, ऑक्टोबर हीटमध्ये पाणी न पिता ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत घामाघूम होणं, सगळं त्याच खात्यात. तिसरं, अविपत्तिकर चूर्ण, घराघरात असतं, पण त्यात निशोत्तर असतं आणि त्याने पोट साफ होतं, ते जास्त झालं आणि जुलाब लागले की पाणी गेलं आणि लेव्हल वर. इसबगोल उलट्या बाजूने, लिथियमचं शोषण कमी करू शकतं, घ्यायचंच तर दोन-तीन तासांचं अंतर ठेवा आणि रोज घेत असाल तर सांगा. डायजीन, जेल्युसिलसारखी पातळ औषधं अधूनमधून लिथियमबरोबर चालतात, पण बाकी गोळ्यांपासून दोन तास दूर.

भावाच्या रिफ्लक्सचं मुख्य कारण तर तुमच्याच मजकुरात आहे. बाराला जेवण, साडेबाराला आडवा. यावर कुठलीही गोळी पुरी पडणार नाही. मुख्य जेवण ऑफिसात आठ-साडेआठच्या ब्रेकला करू दे, डबा द्या, आणि घरी आल्यावर दूध-पोळी किंवा वरण-भात असं चार घास, म्हणजे लिथियमसाठी पोटात काहीतरी असेल आणि जठर भरलेलंही नसेल. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून बाजू उंच करा, नुसत्या दोन उश्या घेऊन मान वाकते आणि पोट दाबलं जातं. डाव्या कुशीवर झोपायचं. मामलेदारची मिसळ महिन्यातून एकदा खाल्ली तर मी काही म्हणणार नाही, पण रात्री अकराला स्टेशनबाहेरचा वडापाव बंद.

भाऊ लिथियमवर आहे म्हणून मी लिथियमवरच जास्त लिहिलं, पण दुसऱ्या मूड स्टॅबिलायझरवर, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावर असलेले कोणी वाचत असतील तर थोडं त्यांच्यासाठी. व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएक्सचं प्राझोलशी काही मोठं भांडण नाही, ते स्वतःच पोटाला त्रास देतं म्हणून जेवणानंतर घ्यावं, आवरण असलेली गोळी तोडू नये. त्यावर असताना डोकं दुखलं म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. लॅमोट्रिजिनला अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी फरक पडत नाही. कार्बामॅझेपिन आणि ऑक्सकार्बॅझेपिन रक्तातलं सोडियम खाली आणतात, आणि क्वचित प्राझोलही तेच करतं, म्हणून वय झालेल्या माणसाला दोन्ही चालू असताना गुंगी, गोंधळ, तोल जाणं दिसलं तर सोडियम तपासा. आणि सोबत एस्सिटालोप्राम हे डिप्रेशनचं औषध असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल त्याची मात्रा रक्तात वाढवतात, तिथे पॅन्टोप्राझोल बरं. एस्सिटालोप्राम किंवा क्वेटियापिनवर डॉमपेरिडोनची भर घालणं तर ईसीजी न बघता करू नये, हृदयाच्या ठोक्यांचं वेळापत्रक बिघडण्याचा धोका असतो. युरोपात २०१४ पासून डॉमपेरिडोन फक्त मळमळ-उलटीसाठी आणि साधारण आठवडाभरच द्यायचं असा नियम आहे, आपल्याकडे मात्र पॅन-डी लोक वर्षभर शेंगदाण्यासारखं खातात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तो महत्त्वाचा भाग. थरथर मोठा झाला, चालताना झोक जातोय, जीभ जड, सारख्या उलट्या किंवा जुलाब, झोपेतून नीट उठत नाही, स्नायू उडतायत, यातलं काहीही दिसलं तर पुढची लिथियमची गोळी देऊ नका, अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टी असलेल्या हॉस्पिटलला न्या, रात्री दोन वाजले असतील तरी. सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या आणि दारातच सांगा की पेशंट लिथियमवर आहे, कारण ते सांगितल्याशिवाय तिथे लेव्हल कोणी पाठवत नाही, उलट्या बघून पोटाचं सलाईन लावतात. आणि छातीतली जळजळ जबड्यात किंवा डाव्या हातात जात असेल, घाम फुटत असेल, तर आधी ईसीजी. रात्री-अपरात्री नुसतं कुणाशी बोलायचं असेल, मूड घसरल्यासारखा वाटला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

यातलं काही नसेल तर उद्या असं करा. सायकियाट्रिस्टना फोन, कॅप्सूलचं पूर्ण नाव एलसकट वाचून दाखवा, इनोचं आणि दुखण्याच्या गोळ्यांचं सांगा, थरथराचा व्हिडिओ पाठवा. लेव्होसल्पिराइड काढून नुसतं प्राझोल चालेल का हे त्यांना आणि ज्यांनी लिहिलं त्या डॉक्टरांना दोघांनाही विचारा, त्यांना एकमेकांच्या चिठ्ठ्या माहीतच नसतात, तो पूल घरच्यांनाच बांधावा लागतो. परवा दुपारी बाराला रक्त.

आणि रक्त काढताना लॅबच्या माणसाकडे बघा, नळीचं झाकण हिरवं असेल तर थांबवा. हिरव्या झाकणाच्या बऱ्याच नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिनच घातलेलं असतं, त्यात घेतलेल्या रक्ताची लिथियम लेव्हल खोटी वाढलेली येते. आमच्याकडे एकदा बाहेरच्या लॅबचा असाच २ च्या वरचा रिपोर्ट घेऊन एक मुलगी रडत आली होती, आई समोर बसून व्यवस्थित भजी खात होती, साध्या नळीत परत घेतलं तर ०.७. लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी मागा. रिपोर्ट आला की लेव्हल, क्रिएटिनिन आणि रक्त किती वाजता दिलं ते, तिन्ही लिहा, मी बघते.